फोनच्या खोक्यावर तारीख हवी!

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी कस्पटे वस्तीच्या बाजूला भाजी घ्यायला गेले होते. मेथीच्या दोन जुड्या, थोडं आलं, अर्धा किलो गवार. पैसे द्यायला फोन काढला, स्कॅनर उघडला आणि फोन हँग! गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. मागे चार बायका उभ्या. भाजीवाल्या मावशीच म्हणाल्या, "राहू द्या ताई, उद्या द्या." उधारीची सवय नसल्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन फोन टेबलावर आपटला. त्या दिवशी माझा भाचा आला होता. भोसरीला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, फोन चांगला आहे गं, आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय. कस्टम रॉम टाकून देतो. नव्यासारखा पळेल. खर्च शून्य!"

आमचे हे चाकणहून नुकतेच आले होते. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "काही उद्योग करू नका. बिघडला तर? त्यापेक्षा हप्त्यावर नवा घेऊ."

आणि मग दोघांची जुंपली. फोन माझा, पैसे बहुधा माझ्या भिशीतले, आणि वाद या दोघांचा! मी कुकर लावला आणि ठरवलं की हे आपणच समजून घ्यायचं. पंधरा दिवस विचारत राहिले. त्यातून जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या फोनचा नाही.

आधी हा फोन माझ्याकडे कसा आला ते सांगते. २०१८ मध्ये तो ह्यांच्यासाठी घेतला होता. २०२० साली लॉकडाऊन लागलं, लेकीची शाळा ऑनलाइन झाली, तेव्हा तो तिच्याकडे गेला. ह्यांनी नवा घेतला. मग लेकीला अकरावीत नवा फोन मिळाला आणि हा 'बरा आहे की अजून' म्हणून माझ्याकडे आला. तुमच्या घरी वेगळं आहे का? पूर्वी शिळी पोळी जशी आपोआप आपल्या ताटात यायची, तसा आता घरातला सगळ्यात जुना फोन आपल्या हातात येतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच. म्हणून जुन्या फोनचं काय करायचं हा प्रश्न, बघा, मुळात बायकांचा आहे.

आता हे कस्टम रॉम म्हणजे काय? भाच्याने मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा डोक्यात शिरलं. फोन म्हणजे घर. त्यात राहायला येणारी माणसं म्हणजे ॲप्स. आणि घराचं वायरिंग, नळ, कड्या-कुलपं म्हणजे अँड्रॉइड. हे अँड्रॉइड गुगलने बनवलं, पण त्याचा मूळ आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. फोनच्या कंपन्या तो घेतात आणि आपापले रंगरोगण करून विकतात. काही वर्षांनी कंपनी त्या घराची देखभाल थांबवते. घर उभं असतं, पण कुलूप जुनं आणि त्याच्या किल्ल्या चोरांनी पाठ केलेल्या!

अशा वेळी जगभरातली हौशी जाणकार मंडळी तोच खुला आराखडा घेऊन जुन्या फोनसाठी नवं वायरिंग करतात आणि फुकट देतात. त्याला म्हणायचं कस्टम रॉम. २००९ च्या सुमारास स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकन तरुणाने 'सायनोजेनमॉड' नावाने हे काम सुरू केलं. पुढे त्याची कंपनी झाली. आपल्याकडे मायक्रोमॅक्सने 'यू' नावाचे फोन आणले होते, त्यात त्याच कंपनीची प्रणाली होती. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा स्वयंसेवकांनी तेच काम 'लिनेज ओएस' या नावाने पुढे चालवलं. ते आजही चालू आहे.

मला हे ऐकून गोधडी आठवली. जुन्या लुगड्याला आपण टाकून देतो का? धुऊन, टाके घालून गोधडी करतो आणि ती आणखी दहा वर्षं पुरते. मग फोनच का टाकायचा? त्यात तांबं आहे, सोन्याचा अंश आहे, बॅटरीत लिथियम आणि कोबाल्ट आहे. कुठल्या तरी देशात कुणीतरी खाणीत उतरून ते काढलंय. म्हणजे भाच्याचं म्हणणं मनाला पटत होतं. त्याच रात्री 'टाकून टाक रे बाबा' म्हणणार होते.

पण आमच्या गटातल्या एक ताई आठवल्या. काळेवाडी फाट्याजवळ राहतात, धुण्याभांड्याची कामं करतात. त्यांचा फोन असाच अडकायला लागला, म्हणून त्यांनी एका दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." तीनशे रुपये घेतले, तासाभरात फोन परत दिला. फोन चालायला लागला, पण आतलं सगळं गेलं. फोटो, नंबर, आणि वारलेल्या नवऱ्याने पाठवलेले आवाजाचे मेसेज. "जेवलीस का?" एवढंच असायचं त्यात. पण तेवढंच तर उरलं होतं. ताई माझ्यासमोर बसून नुसत्या फोनकडे बघत होत्या. दुकानदाराने विचारलं नव्हतं आणि यांना विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "आतलं सगळं पुसलं जाईल का?" तो म्हणाला, "हो मावशी. बूटलोडरचं कुलूप उघडलं की फोन कोराच होतो. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं लागतं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेऊन बसले आणि माझ्या फोनमध्ये काय काय आहे त्याची यादी केली. तुम्हीही करून बघा, घाम फुटेल! बँकेचं ॲप. यूपीआय. गॅसचं बुकिंग. डिजिलॉकर. बचत गटाच्या हिशेबाच्या वहीचे फोटो, चौदा बायकांच्या कर्जाचे हप्ते. लेकीच्या क्लासचा ग्रुप. आधारला जोडलेला नंबर, म्हणजे सगळे ओटीपी इथेच. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीसाठी २०२५ मध्ये आमच्या भागातल्या कितीतरी जणींबरोबर मी हाच फोन घेऊन बसले होते. आणि एका कोपऱ्यात आईच्या आवाजातली पुरणपोळीची कृती, चार मिनिटांची. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच. त्या यंत्रात आपण काय काय ठेवलंय, याचा होता.

दुसरा प्रश्न बँकेचा. रॉम टाकल्यावर बँकेचं ॲप चालेल? भाचा इथे जरा अडखळला. गुगलची एक तपासणी असते, 'प्ले इंटिग्रिटी' म्हणतात. फोनचं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का, कुलूप उघडलेलं आहे का, हे त्यातून ॲपला कळतं. कुलूप उघडं दिसलं की बऱ्याच बँकांची आणि पैशांची ॲप्स चालायला नकार देतात. काही चालतात, पण आज चाललेलं ॲप उद्या चालेलच याची हमी कुणीच देत नाही. त्यावर पळवाटा आहेत म्हणे. पण चौदा बायकांच्या पैशांचा व्यवहार मी पळवाटेवर चालवायचा?

तिसरा प्रश्न साधा होता, फोन लागेल ना? हसू नका. जिओचं सगळं जाळं ४जीवरच्या आवाजाचं, व्होल्टीचं आहे. जुनं २जी-३जी त्यांच्याकडे नाहीच. एखाद्या रॉममध्ये तेवढी एकच गोष्ट नीट बसली नाही, तर इंटरनेट चालेल पण फोन लागणार नाही. कॅमेरा पूर्वीइतका चांगला येईलच असंही नाही. शिवाय प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी रॉम. भलतीच टाकली किंवा मध्येच वीज गेली, वायर निसटली, तर फोनची वीट होते. या मंडळींच्या भाषेत त्याला 'ब्रिक होणे'च म्हणतात!

आणि चौथा प्रश्न, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा. ही रॉम बनवली कुणी? लिनेजसारख्या संस्थेच्या अधिकृत यादीत आपलं मॉडेल असेल, तर निदान अनेक डोळ्यांनी ते तपासलेलं असतं. पण यादीत नसेल, तर कुठल्याशा मुलाने कुठेतरी ठेवलेली फाइल उचलावी लागते. घराचं कुलूप बदलायला आपण अनोळखी माणसाला बोलावू का? सध्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचा दंड म्हणून 'एपीके' फाइली येतात, त्या उघडल्या की खातं रिकामं होतं. आपण गटाच्या बैठकीत बायकांना घसा फोडून सांगतो की अनोळखी फाइल उघडू नका, फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. आणि स्वतःच्या फोनचं अख्खं वायरिंग मात्र अनोळखी माणसाकडून आणायचं?

इतकं ऐकून हे खूश झाले. "मी म्हणत होतो ना!" पण थांबा, यांचंही बरोबर नव्हतं. कारण आहे तसा फोन वापरणंही सुरक्षित नव्हतं. भाच्याने सेटिंग्जमध्ये जाऊन मला दाखवलं. 'अबाउट फोन'मध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. माझ्या फोनवर होती डिसेंबर २०२०! म्हणजे इतकी वर्षं मी जुन्या कडीवर विसंबून बँकेचे व्यवहार करत होते. मैत्रिणींनो, आजच तुमच्या फोनवर ती तारीख बघा. दुधाच्या पिशवीवरची बघतो तशी.

इथेच मला राग आला. राग भाच्याचा नाही, ह्यांचाही नाही. आपण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला तरी त्यावर कधीपर्यंत चांगला राहील ती तारीख छापलेली असते. औषधाच्या पट्टीवर असते. मग पंधरा हजारांच्या फोनच्या खोक्यावर का नाही? कॅमेरा किती मेगापिक्सेल ते ठळक अक्षरात. या फोनला कधीपर्यंत सुरक्षेची अपडेट देणार, ते मात्र शोधून सापडत नाही.

होऊ शकत नाही असं नाही बरं का. गुगलने २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. सॅमसंगने २०२४ च्या एस २४ पासून तेच केलं. पण हे महागडे फोन. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाली पाहिजेत, आणि सुटे भाग सात वर्षं. आपल्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइलही आहेत. चांगलं पाऊल आहे. पण दुरुस्ती म्हणजे फक्त काच आणि बॅटरी नव्हे, आतलं सॉफ्टवेअरही त्यात यायला हवं.

हे श्रीमंती चोचले वाटत असतील तर अंगणवाडीच्या ताईंना विचारा. पोषण अभियानासाठी २०१९ मध्ये आपल्या राज्यात सेविकांना मोबाइल दिले गेले. दोन जीबी रॅमचे. २०२१ च्या मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं. मुलांची वजनं, उंची, आहार सगळं त्यात भरायचं. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडायचा, त्यात ॲप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. फोन जुना झाला म्हणून बाई मूर्ख ठरते, 'तुम्हाला वापरता येत नाही' असं ऐकून घेते. त्या सेविकांनी ठणकावून सांगितलं की आम्ही कमी नाही, यंत्र कमी पडतंय. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

तर मग मी काय ठरवलं?

पहिलं, ज्या फोनवर पैशांचे व्यवहार आहेत, ओटीपी येतात आणि जो घरातल्या बाईचा एकुलता एक फोन आहे, त्यावर कस्टम रॉम टाकायची नाही. कितीही हुशार भाचा असला तरी नाही. माझं हे मत ठाम आहे. ज्यांच्याकडे एकच फोन आहे त्यांनी आधी साधे उपाय करावेत. गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हिडिओ पुसा. वापरात नसलेली ॲप्स काढा. बॅटरी फुगली किंवा लवकर उतरत असेल तर चांगल्या ठिकाणी बदलून घ्या. यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, साठवण दुसऱ्या खात्यात. आणि दुकानात फोन देण्याआधी एकच वाक्य पाठ करा, "आतलं काही पुसणार असाल तर आधी मला विचारा."

दुसरं, नवा फोन घ्यायचाच असेल तर दुकानदाराला पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, "अपडेट किती वर्षं मिळणार?" हा विचारायचा. मी डांगे चौकात तीन दुकानं फिरले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फोनची पत्रिकाच मागितली! तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र कंपनीच्या साइटवर शोधून दाखवलं. फोन त्याच्याचकडून घेतला. आपण चार जणींनी विचारलं तर दुकानदार विसरेल. चारशे जणींनी विचारलं तर कंपनीपर्यंत जाईल.

आणि तिसरं, जे सांगताना मला जरा मजा वाटते. नवा फोन घरात आला तेव्हा हे सहज म्हणाले, "तो मला दे, माझा तू घे, तुला काय..." वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी म्हटलं, "घरात पैशांचे व्यवहार जास्त कोण करतं? गटाचे, दुधाचे, क्लासचे, बिलांचे? ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्या हातात चांगलं कुलूप." लेक खुदकन हसली. हे दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नवा कोरा फोन, काचेवरचा कागद न काढलेला, माझ्या हातात आला.

आणि तो जुना? त्याची गोधडी केली! आधी आईची पुरणपोळी तीन ठिकाणी उतरवून ठेवली. हिशेबाच्या वहीचे फोटो छापून फाइलला लावले. बँकेची ॲप्स काढली, सिम काढलं. सगळं नव्या फोनवर आलंय याची आठ दिवस खात्री केली. मग भाच्याला बोलावलं. त्याने आधी माझं मॉडेल लिनेजच्या यादीत आहे का ते बघितलं. होतं. कुलूप उघडायला कंपनीकडे अर्ज करून आठवडाभर थांबावं लागलं. मग एका रविवारी दुपारी, इन्व्हर्टर आहे ना याची खात्री करून, दोघं बसलो. मध्ये दहा मिनिटं काळ्या पडद्यावर नुसता शिक्का फिरत होता, तेव्हा भाच्याचाही चेहरा उतरला होता. पण उजाडलं बाई एकदाचं!

आता तो फोन आम्ही वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासवर्गात ठेवलाय. पाचवी-सहावीची मुलं त्यावर पाढे ऐकतात, विज्ञानाचे व्हिडिओ बघतात. कॅमेरा पूर्वीपेक्षा धूसर येतो, बोटाचा ठसा कधी घेतो कधी नाही. पण तिथे त्याची गरजच नाही. चोरायलाही त्यात काही नाही, पुसलं गेलं तरी रडायला काही नाही. अशा कामासाठी रॉम जरूर टाकावी, आणि टाकणाऱ्या मुलांचं कौतुकही करावं. टाकून देण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

त्या काळेवाडीच्या ताई परवा वर्गावर आल्या होत्या, नातवाला घ्यायला. फोन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "हा पुसला, तेव्हा तुमचं काही गेलं का?"

"नाही," म्हटलं, "आधी काढून ठेवलं होतं."

त्यांनी मान डोलावली. मग आपला फोन पिशवीतून काढून माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, "यातलं पण काढून द्या मला. नातवाचे फोटो आहेत."